जिंकलात, पण बरोबर खेळलात का?

समजा, ऑनलाइन टेबलावर तुमच्या हातात एक सत्ती आणि एक दुर्री आली आहे, एक इस्पिकची आणि दुसरी चौकटची. पोकरमध्ये याहून हलका हात शोधूनही सापडणार नाही. समोरच्याने आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि तुम्ही, बराच वेळ काहीच खेळायला मिळालेले नाही म्हणून, ‘कॉल’चे, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावायचे, बटण दाबले. पाने उघडली तर त्याच्याकडे दोन एक्के. मग मधल्या पाच पानांत एक सत्ती आली, एक दुर्री आली आणि सगळा पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, तुमच्या नावावर जमा झाला. एक्क्यांच्या जोडीसमोर हा हात शंभरात साधारण बारा वेळा जिंकतो. त्या बारांतली एक वेळ तुमच्या पहिल्याच संध्याकाळी आली, तर खेळाने तुम्हाला काय शिकवले?

नवख्याची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, आणि नियमांच्या पुस्तकात ती सापडत नाही. सायकल शिकताना तोल गेला की गुडघा तिथल्या तिथे फुटतो, म्हणून चार दिवसांत सायकल येते. पोकरमध्ये चुकीला कधी बक्षीस मिळते, तर अचूक निर्णयाला फटका बसतो. एका डावाचा निकाल पाहून आपण बरे खेळलो की वाईट, हे जवळजवळ कळतच नाही. म्हणून पोकर शिकायचे म्हणजे आधी निकाल आणि निर्णय वेगळे पाहायला शिकायचे. ऑनलाइन टेबलावर हे अधिक कठीण होते आणि एका बाबतीत सोपेही होते. ते पुढे पाहू.

आधी खेळ थोडक्यात. जगभर सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्ये सगळ्यांसाठी पाच पाने उघडली जातात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग चौथे म्हणजे टर्न आणि पाचवे म्हणजे रिव्हर. पाने वाटल्यावर एकदा आणि मधली पाने उघडत जातात तशी तीनदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. सातांपैकी उत्तम पाच पानांचा हात ज्याचा, तो जिंकतो. किंवा बाकी सगळ्यांनी पाने टाकून दिली तर उरलेला एकटा, त्याच्या हातात काहीही असो. डीलरचे बटण दर डावाला एक जागा पुढे सरकते. त्याच्या डावीकडच्या दोघांना पाने पाहण्याआधीच ठरलेली रक्कम टाकावी लागते. ते छोटे आणि मोठे ब्लाइंड.

आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते, आणि तिथेच पहिली चूक होते. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीची पाने) कलरला (एकाच चिन्हाची पाने) मारतो. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सीक्वेन्सला मारतो. हा उलटा क्रम कुणाच्या लहरीने आलेला नाही, तो पानांच्या संख्येतून आला आहे. बावन्न पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे निघू शकतात. त्यांत साधा कलर 1,096 वेळा येतो आणि साधा सीक्वेन्स 720 वेळा. जो दुर्मीळ, तो वरचा. पाच पानांचे प्रकार मात्र 25,98,960 होतात. त्यांत सीक्वेन्स 10,200 आणि फ्लश फक्त 5,108. पाच पाने एकाच चिन्हाची जमणे तीन जमण्यापेक्षा फारच अवघड आहे, म्हणून क्रम फिरतो. जाता जाता सांगतो, तीन पत्तीतही हा न्याय शेवटपर्यंत पाळलेला नाही: ट्रेल, म्हणजे सारखी तीन पाने, 52 प्रकारे होते आणि प्युअर सीक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाचा सीक्वेन्स, 48 प्रकारे, तरी आपण ट्रेललाच वर मानतो.

दुसरी चूक सवयीची आहे. घरच्या डावात पाने टाकून बसणारा माणूस कुणालाच आवडत नाही. चार तास एकत्र बसायचे तर सगळ्यांनी खेळायचे, हा तिथला शिष्टाचार. पोकरमध्ये तोच शिष्टाचार महागात पडतो. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात. कुठलीही जोडी, म्हणजे सारखी दोन पाने, सरासरी 17 डावांत एकदा येते. एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा. एक्का आणि राजा असा देखणा हात आला, तरी फ्लॉपवर त्यातले एखादे पान जुळण्याची शक्यता तीनात एकच. दोन्ही पाने बदामची आहेत म्हणून हलका हात खेळणारे नवखे टेबलावर नेहमी दिसतात. अशा दोन पानांना फ्लॉपवरच पुरा फ्लश मिळण्याची वेळ 118 डावांत एकदा येते, आणि चिन्ह जुळल्यामुळे जिंकण्याची एकूण शक्यता दोन-तीन टक्क्यांनीच वाढते. सहा जणांच्या टेबलावर जपून खेळणारे चारांतले तीन हात बघताच टाकून देतात. पूर्ण भरलेल्या नऊ जणांच्या टेबलावर त्याहून जास्त.

कुठले हात टाकायचे हे बसण्याच्या जागेवरही ठरते. बटणावर बसलेला खेळाडू फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी बोलतो. इतरांनी काय केले हे पाहून त्याला ठरवता येते. नवख्याला आपली पाने दिसतात, पण जागेची किंमत दिसत नाही. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात फक्त एवढेच शिकावे: बटणावर हात सैल, पहिल्या जागेवर घट्ट.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पोकरमधला प्रत्येक निर्णय म्हणजे एका अनिश्चित गोष्टीची किंमत ठरवणे. एक डाव घेऊ. तुमच्याकडे बदामचा राजा आणि बदामची सत्ती आहे. मध्ये चार पाने उघडली आहेत: बदामची नव्वी, बदामची तिर्री, इस्पिकची राणी, किलवरची चौकी. समोरच्याच्या बोलीवरून त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असावी असा तुमचा अंदाज आहे. म्हणजे शेवटचे पान बदाम आले तर तुम्ही, नाही तर तो. पॉटमध्ये 600 चिप्स आहेत आणि तो 300 लावतो. कॉल करायचा का?

तुम्हाला न दिसलेली पाने 46. त्यांत बदाम 9. 300 लावून तुम्ही 900 जिंकू पाहता. हा डाव 46 वेळा, प्रत्येक पान एकेकदा येईल असा, खेळलो असे धरा. 9 वेळा 900 मिळतात, म्हणजे 8,100. 37 वेळा 300 जातात, म्हणजे 11,100. एकूण तोटा 3,000. दर कॉलमागे 65 चिप्स. आता पाने तीच ठेवा आणि त्याची बोली 300 ऐवजी 100 करा. 9 वेळा 700 म्हणजे 6,300 मिळतात, 37 वेळा 100 म्हणजे 3,700 जातात. दर कॉलमागे जवळपास 57 चिप्सचा फायदा. पाने बदलली नाहीत, तुमचे नशीबही बदलले नाही; किंमत बदलली. बदाम येईल का, हा प्रश्न नवखा विचारतो. त्याचे उत्तर कुणाकडेच नाही. या भावात बदामची वाट पाहणे परवडते का, या प्रश्नाला मात्र उत्तर आहे, आणि ते पान उघडण्याआधी काढता येते. बदाम आल्यावर पुढे आणखी किती मिळू शकेल याचा हिशेबही अनुभवी खेळाडू यात धरतात, पण पाया हाच.

आता त्या 300 च्या बोलीवर तुम्ही कॉल केलात आणि बदाम आला असे समजा. तुम्ही 900 चिप्स जिंकलात आणि 65 चिप्सची चूक केलीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पडद्यावर पहिली दिसते, दुसरी दिसत नाही.

ऑनलाइन हे अधिक कठीण होते ते वेगामुळे. प्रत्यक्ष टेबलावर हाताने पाने वाटली की तासाला साधारण 25 ते 30 डाव होतात. ऑनलाइन एका टेबलावर 70 च्या आसपास, आणि एकाच वेळी चार टेबले उघडून बसणारे खूप. या वेगाने दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे टेबल चालवणाऱ्या कंपनीचा वाटा. पॉटमधून ठरावीक हिस्सा, बहुतेक ठिकाणी साधारण पाच टक्के आणि वर एक कमाल मर्यादा, कापला जातो. त्याला रेक म्हणतात. सहा सारख्याच तयारीचे खेळाडू प्रत्येकी 1,000 चिप्स घेऊन बसले आणि दर डावाला सरासरी 5 चिप्स कापल्या गेल्या असे धरा. तासाला 70 डाव, म्हणजे 350 चिप्स. टेबलावरच्या 6,000 चिप्स सतरा तासांत संपतील, आणि सहांपैकी कुणीही कुणाहून वाईट खेळलेले नसेल. त्यामुळे ऑनलाइन पोकरमध्ये शेजाऱ्यापेक्षा थोडे बरे खेळून भागत नाही. रेक भरून वर काही उरेल इतके चांगले खेळावे लागते, आणि तसे खेळणारे थोडेच असतात.

दुसरी गोष्ट चढउतारांची. पोकर खेळणारे आपली कमाई दर शंभर डावांमागे किती मोठे ब्लाइंड अशी मोजतात. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड कमावणारा खेळाडू उत्तम मानला जातो. पण त्या शंभर डावांतला चढउतार 90 ब्लाइंडच्या आसपास असतो. हे आकडे घेऊन गणित केले की 1,000 डावांनंतर हा उत्तम खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता शंभरात 43 निघते. 10,000 डावांनंतरही ती 29 उरते. हेच उलटे वाचा, कारण नवख्याचा संबंध तिथे आहे: शंभर डावांमागे पाच ब्लाइंड गमावणारा खेळाडू 1,000 डावांनंतर शंभरात 43 वेळा फायद्यात असतो. दोन आठवडे संध्याकाळी खेळून खात्यात पैसे वाढलेला माणूस स्वतःला हुशार समजतो, आणि त्याला दोष देता येत नाही. समोरचा आकडा त्याला तेच सांगत असतो.

असाच एक निकाल साऱ्या जगाने पाहिला. 2003 साली लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेला 839 खेळाडू होते. प्रवेश फी 10,000 डॉलर. टेनेसीतला 27 वर्षांचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर तिथे पोचला तो पोकरस्टार्स या संकेतस्थळावरच्या 86 डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून. प्रत्यक्ष टेबलावरची ही त्याची पहिली मोठी स्पर्धा. शेवटच्या लढतीत त्याने सॅमी फारहा या मुरलेल्या व्यावसायिकाला हरवले आणि 25 लाख डॉलर जिंकले. खेळाडूंची झाकलेली पाने छोट्या कॅमेऱ्यांनी प्रेक्षकांना दिसत होती, त्यामुळे हातात काही नसताना त्याने फारहाला पाने टाकायला लावली तो डाव घराघरांत पाहिला गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला 2,576 लोक आले, 2006 मध्ये 8,773. मनीमेकर चांगला खेळला यात शंका नाही. तो डाव आजही अभ्यासण्यासारखा आहे. पण लाखो लोकांनी एका निकालावरून, आपणही असेच जिंकू, हे जे अनुमान काढले, ते सत्ती-दुर्रीने एक्के हरवणाऱ्या माणसाच्या अनुमानासारखेच होते.

ओळीने चार डाव हरलेल्या नवख्याच्या मनात हमखास एक शंका येते: पाने खरोखर पिसलेली असतात का? ही शंका हसण्यावारी नेऊ नये, कारण एकदा ती खरी ठरली आहे. बावन्न पाने किती क्रमांनी मांडता येतील ही संख्या 8 लिहून त्यापुढे 67 शून्ये दिल्याएवढी मोठी आहे. 1999 मध्ये एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीच्या प्रणालीवर पोकरची संकेतस्थळे चालत. आपले पिसणे निष्पक्ष आहे हे पटवण्यासाठी कंपनीने त्याची रीत जाहीर केली. अमेरिकेतल्या एका सॉफ्टवेअर सुरक्षा संस्थेतल्या संशोधकांनी ती वाचली आणि त्यांना दिसले की पिसण्याची सुरुवात एका 32 बिटांच्या संख्येवरून होते. म्हणजे फार तर 429 कोटी क्रम. शिवाय ती संख्या संगणकाच्या घड्याळातून, मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून, घेतली जात होती. दिवसात मिलिसेकंद 8 कोटी 64 लाख. आपले घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळवून संशोधकांनी शक्य क्रम सुमारे दोन लाखांवर आणले. आपली दोन पाने आणि फ्लॉपची तीन, एवढ्या पाचांवरून त्यांचा प्रोग्राम तो नेमका क्रम ओळखू शके आणि सगळ्यांची पाने सांगू शके. त्यांनी हे उघड केले आणि कंपनीने रीत बदलली.

त्यानंतरचा मोठा घोटाळा वेगळ्या प्रकारचा होता. 2007-08 मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या संकेतस्थळांवर काही खात्यांना इतरांची झाकलेली पाने दिसत असल्याचे सिद्ध झाले. ते पकडले खेळाडूंनीच, डावांच्या नोंदी तपासून. इतके अचूक खेळणे नशिबाच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. या दोन प्रसंगांवरून मी एवढेच म्हणेन की परवाना नसलेल्या आणि कुणाच्याच देखरेखीखाली नसलेल्या ॲपवर पैसे टाकू नयेत. बाकी बहुतेक वेळा, चार डाव ओळीने जाणे हे चांगल्या पिसण्यातही रोज घडणारे आहे.

पण ते चार डाव माणसाला हलवतात. पोकरच्या भाषेत याला टिल्ट म्हणतात: गेलेले परत मिळवण्यासाठी हात सैल सुटणे, मोठ्या टेबलावर जाऊन बसणे. ऑनलाइन पुढचा डाव काही सेकंदांत समोर येतो, राग ओसरायला वेळच मिळत नाही. डोक्याने ठरवलेली मर्यादा त्या क्षणी टिकत नाही. ती खेळण्याआधी, ॲपच्या सेटिंगमध्ये टाकून ठेवावी लागते. खेळ थांबवता येत नाही अशी अवस्था आली असेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

भारतात राहणाऱ्या वाचकासाठी आता परिस्थिती बदलली आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबले लगेच बंद केली. मांडवीतल्या बोटींवरचे कॅसिनो गोव्याच्या वेगळ्या कायद्याखाली चालतात, तिथे पोकर समोरासमोर बसून होतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट निराळी. त्या राज्यात परवानाधारक ऑनलाइन पोकर 2013 पासून कायदेशीर आहे.

भारतातल्या नवख्यासाठी उरतात फुकट चिप्सची टेबले. मला हे नुकसान वाटत नाही, पण त्यांचाही एक दोष आहे. चिप्स संपल्या की नव्या मिळतात, म्हणून तिथे लोक कशावरही सगळे पुढे सरकवतात. कुणी पाने टाकत नाही, आणि म्हणून तिथे बोलीचा अर्थ लावायला शिकता येत नाही. त्यापेक्षा चार-सहा मित्रांचे खासगी टेबल करावे, चिप्सना पैशांची किंमत देऊ नये आणि महिनाभराचा गुणतक्ता ठेवावा. ज्या टेबलावर गुण सगळ्यांसमोर लिहिले जातात तिथे माणसे विचार करून पाने टाकतात.

ऑनलाइन खेळाची एक सोय मात्र मला अमूल्य वाटते. प्रत्येक डावाची नोंद राहते. निर्णयातून नशीब वेगळे काढायला तीच कामी येते. 2017 मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्रॅटस नावाच्या प्रोग्रामने चार व्यावसायिकांविरुद्ध वीस दिवसांत 1,20,000 डाव खेळून विजय मिळवला. एवढे डाव असूनही नशीब बाजूला काढण्यासाठी संशोधकांनी तीच पाने दोन खेळाडूंना उलटसुलट वाटली होती: एकाला मिळालेला हात दुसऱ्याच्या डावात यंत्राला. आपल्याला तसे करता येत नाही, पण नोंद उघडताना शेवटच्या ओळी झाकता येतात. आठवड्यातून एकदा पन्नास डाव काढा. निकालाची ओळ कागदाने झाका. प्रत्येक कॉलपाशी थांबून पॉट किती होता, किती लावले, किती पाने उपयोगाची होती हे लिहा, आणि भाव परवडत होता की नाही एवढेच ठरवा. जिंकलेले डाव आधी घ्या. हरलेल्या डावांचा विचार माणूस न सांगताही करतो.

बहुतेक नवख्यांना चिप्सची पहिली गळती छोट्या ब्लाइंडच्या जागेवर सापडते. अर्धी रक्कम आधीच पडलेली असते, आणखी थोडीच टाकायची म्हणून तिथून कुठलाही हात खेळला जातो. पण त्या जागेवरच्या खेळाडूला फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत सगळ्यांच्या आधी बोलावे लागते. पन्नास डावांतले असे किती आहेत ते वेगळे मोजा, आणि पुढच्या आठवड्यात त्या जागेवरून फक्त तेच हात खेळा जे तुम्ही पूर्ण रक्कम भरूनही खेळला असता.